परावलंबन आणि परस्परावलंबन: शेजाऱ्यांच्या व्यापारातला फरक

मुंबईत मशीद बंदरच्या सुकामेव्याच्या बाजारात डिंकाच्या लाडवांसाठी जी खारीक मिळत असे, तिच्यातला मोठा वाटा अनेक वर्षे पाकिस्तानातून, मुख्यतः सिंधमधल्या खैरपूर भागातून येत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानला १९९६ साली दिलेला सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचा दर्जा, म्हणजे इतर देशांहून जास्त शुल्क न लावण्याची हमी, काढून घेतला आणि तिथल्या मालावर २०० टक्के सीमाशुल्क बसवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाकिस्तानने उरलासुरला व्यापारही थांबवला. खारीक महागली, पंजाबातल्या अटारी सीमेवरच्या हमालांचे काम गेले, परंतु दिल्लीत किंवा इस्लामाबादेत या कारणाने कोणाची झोप उडाली नाही.

व्यापाराने शांतता येते, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे वाटते. वास्तविक ते त्यांच्या विरोधात जात नाही, कारण इतक्या तुटपुंज्या व्यापारात कोणी कोणावर अवलंबूनच नव्हते. खरा घोटाळा होतो तो व्यापार मोठा झाल्यावर, जेव्हा परावलंबन आणि परस्परावलंबन हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पहिल्यात तोटी एकाच्या हातात असते. दुसऱ्यात ती बंद करणाऱ्याच्या घरीही अंधार होतो.

युरोपात दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. १९५१ च्या पॅरिस करारानुसार फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि आणखी चार देशांनी कोळसा व पोलाद, म्हणजे त्या काळातला युद्धाचा कच्चा मालच, एका सामायिक संस्थेच्या अधिकाराखाली आणला. कोणत्याही एका सरकारला त्याविषयी परस्पर निर्णय घेणे शक्य राहिले नाही. याउलट २०२१ मध्ये जर्मनीच्या आयात वायूपैकी निम्म्याहून अधिक वायू रशियातून येत होता आणि त्यावर अशी कोणतीही सामायिक संस्था नव्हती. रशियालाही त्याचे पैसे हवेच होते, हे खरे. परंतु वायू थांबला की एका बाजूला घरे गारठतात, तर दुसऱ्या बाजूला तोटा आधी हिशेबाच्या वहीतच दिसतो. या नात्याने २०२२ चे युक्रेनवरचे आक्रमण रोखले नाही.

आपल्याकडे हा फरक सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो नेपाळच्या बाबतीत, आणि गंमत अशी की तिथे दोन्ही गोष्टी एकाच सीमेवर शेजारी शेजारी नांदतात. नेपाळचे पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅस भारतातून जातो. सप्टेंबर २०१५ पासून काही महिने सीमेवर टँकर अडकून पडले, तेव्हा काठमांडूत अनेक घरांना लाकडाच्या चुलीवर स्वयंपाक करावा लागला. काठमांडूने याला नाकेबंदी म्हटले, दिल्लीने ते नाकारले. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार, म्हणजे चीनच्या भूमीतून माल ने-आण करण्याचा करार, केला. परावलंबनात अडकलेला शेजारी दुसरा दरवाजा शोधू लागतो, तो असा.

विजेचे मात्र वेगळे आहे. नेपाळची बहुतेक जलविद्युत केंद्रे वाहत्या नदीवर चालतात. मोठे साठे थोडे. त्यामुळे पावसाळ्यात वीज उरते आणि हिवाळ्यात, नद्या आटल्या की, कमी पडते. नेपाळमधले धालकेबर ते बिहारमधले मुझफ्फरपूर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरून वीज ऋतूनुसार कधी दक्षिणेकडे तर कधी उत्तरेकडे वाहते. जो आज विक्रेता आहे तोच चार महिन्यांनी गिऱ्हाईक होणार असल्यामुळे दराच्या बोलणीतही दोघांना जपून बोलावे लागते. भूतानचेही तसेच झाले आहे: भारताच्या साहाय्याने उभारलेल्या ३३६ मेगावॉटच्या चुखा प्रकल्पापासून वीज विकत आलेला हा देश आता हिवाळ्यात भारताकडून वीज घेतो. माझ्या मते दिशा बदलणारी अशी एक तार मोठ्या व्यापार कराराच्या जाडजूड मसुद्याहून अधिक कामाची असते.

तरीही तारेची मालकी कोणाकडे, हा प्रश्न उरतोच. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळने बांगलादेशाला ४० मेगावॉट वीज विकण्यास प्रारंभ केला आणि त्याआधी ऑगस्टमध्ये ढाक्यात सत्तापालट होऊनही तो व्यवहार मोडला नाही. ही वीज भारतीय जाळ्यातून जाते. त्यामुळे काठमांडू आणि ढाका यांच्यातले नाते परस्परावलंबनाचे असले, तरी त्या दोघांचेही दिल्लीशी असलेले नाते, निदान या चाळीस मेगावॉटपुरते, परावलंबनाचेच आहे.