आमच्या कलादालनात येण्याआधी

सावंतवाडी-कुडाळकडे फिरायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ही थोडी माहिती. दालन म्हणजे आमचंच जुनं चिऱ्याचं घर: पडवी, माजघर आणि मागची एक खोली. बघायचं म्हटलं तर अर्ध्या तासात होतं, पण तासभर तरी हाताशी ठेवून या.

"यातलं अस्सल कोकणी कुठलं?" हा प्रश्न बरेच जण विचारतात. आम्ही त्यांना आधी पडवीचं दार दाखवतो. त्याची बिजागरी आणि चावी हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले, पण आपल्या आज्यांना ते कधी परके वाटले नाहीत. आतल्या कलेचंही असंच आहे. कुणी समुद्रातून आणली, कुणी घाट उतरून, आणि इथल्या हातांत ती इथली झाली.

माजघरात गंजिफा आहे, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. हा खेळ इराणकडून मोगलांबरोबर आला. बाबराने 1527 मध्ये सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संचात 8 रंग आणि 96 पत्ते असत. त्यांत ताज, शमशेर, गुलाम असे दरबारी रंग. आपल्याकडे त्या जागी विष्णूचे 10 अवतार आले, आणि प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी धरून 120 पत्ते झाले. प्रधान हा मात्र दरबारातला वजीरच.

मत्स्याची अठ्ठी जरा जवळून बघा. तळहातात मावेल एवढ्या गोल पत्त्यावर 8 मासे, आणि प्रत्येकाला डोळा आहे. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, पांढरा लेप देऊन घोटायचं, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात. त्या लाखेमुळेच पत्ता खिडकीकडे तिरका धरला की चमकतो. खेळाची सुरुवात दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो करतो, रात्री कृष्णाचा. ही कला विझत आली होती, तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती एका वयस्क चिताऱ्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. आज आमच्या भिंतीवर जे आहे, ते त्यांच्यामुळे आहे असं आम्ही मानतो.

मागच्या खोलीत कावीकामाचे नमुने आहेत. भिंतीला आधी चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर काव म्हणजे लाल माती मिसळलेला थर. तो ओला असतानाच बारीक हत्याराने रेषा कोरून लाल खरवडायचं, म्हणजे खालचं पांढरं चित्र वर येतं. वाळल्यावर चूक सुधारता येत नाही. गोवा, उत्तर कन्नड आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या जुन्या देवळांवर हे काम सापडतं. युरोपातही गिलावा खरवडून चित्र काढण्याची अशीच रीत आहे. रंगकामाच्या घाईत देवळाच्या भिंतीवर ऑइलपेंट फिरला की हे काम कायमचं जातं, म्हणून गावाकडचं देऊळ रंगवायचं ठरलं तर आधी भिंती नीट बघा, ही आमची कळकळीची विनंती.

पडवीत चित्रकथीच्या प्रती आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर कलाकार पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं गातात. चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात. भिंतीवर टांगलेल्या चित्रात निम्मीच गोष्ट असते, उरलेली गळ्यात असते. त्यामुळे इथून निघाल्यावर पिंगुळीचं ठाकर आदिवासी कला आंगण चुकवू नका. तिथले परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली आहे. कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही तिथेच बघा.

थोडं व्यवहाराचं. चपला पडवीखाली काढाव्यात. फोटो काढा, फक्त फ्लॅश नको. एका वेळी आठ-दहा जणांपेक्षा जास्त आत घेत नाही, मोठा ग्रुप असेल तर दोन फेऱ्या करू. विकत घ्यायचं असेल तर हाताने रंगवलेला संच आणि छापील संच यांतला फरक आमच्याकडून आधी समजून घ्या. किमतीत मोठं अंतर असतं आणि ते का, हे ब्रशची रेघ बघितली की कळतं. लाकडी फळं आणि खेळणी सावंतवाडीच्या चितार आळीत थेट कारागिरांकडे घेतलीत तर उत्तम, त्यात आमचं काही जात नाही.

जून ते सप्टेंबर दमट हवेत बुरशी धरते, म्हणून जुने पत्ते पेटीत बंद असतात. त्या दिवसांत पडवीत चटई टाकून नवा संच खेळायला मांडतो. मुलांना घेऊन या, नियम आम्ही शिकवू. मात्र दिवसा आलात तर रामाचा राजा कुणाकडे आहे, ते आधी बघायचं.