1,999 चा डबा 799 ला, म्हणजे 1,200 वाचले?

‘छापील किंमत सरकार ठरवतं, म्हणून तिच्यावरची सूट ही खरी बचत’ हा समज जुना आहे. छापील किंमत म्हणजे कमाल किरकोळ किंमत. ती पाकिटावर छापायची सक्ती कायद्याची आहे, पण काही औषधांसारखे अपवाद सोडले तर आकडा उत्पादक किंवा आयातदारच ठरवतो. त्याहून जास्त घ्यायचे नाहीत, एवढंच बंधन. कमी घ्यायला मोकळीक आहे. म्हणजे 799 लाच विकायच्या डब्यावर 1,999 छापता येतात.

मोठा आकडा आधी दिसला की आपण दुसरा त्याच्याशीच ताडून बघतो. मन असंच चालतं, त्यात भोळेपणा नाही. माझ्याही माळ्यावर एक भाजी चिरायचं यंत्र आहे, खोक्याची चिकटपट्टीसुद्धा न काढलेलं. (विळी रोज चालते.)

पडताळायचं तर तेवढ्याच आकाराची वस्तू दोन-तीन दुकानांत विचारा, किंवा पंधरा दिवस भाव लिहून ठेवा. मग खोडलेला आकडा बोटाने झाका आणि नुसत्या 799 कडे बघा. बँकेच्या मेसेजमध्येही तेवढाच दिसतो, वजा झालेला.