हौशी की व्यावसायिक? नोंदणीत ‘सेमी-प्रो’ असा दर्जाच नाही

नव्या विभागीय लीगचा हंगाम जवळ आला की नाशिकमधल्या फुटबॉल क्लबांच्या बैठकांत खेळाडूंच्या याद्या फिरू लागतात आणि निम्म्या नावांपुढे हटकून ‘सेमी-प्रो’, म्हणजे अर्धव्यावसायिक, असे लिहिलेले आढळते. क्लबची ओळख म्हणून हा शब्द बोलण्यापुरता चालेल. खेळाडूच्या बाबतीत मात्र फिफाच्या नियमांत हौशी आणि व्यावसायिक असे दोनच दर्जे आहेत आणि हा नियम प्रत्येक देशाच्या महासंघाला बंधनकारक असल्याने आपल्याकडेही तिसरा दर्जा मिळत नाही.

हौशी खेळाडू म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी बहुतेक जण त्याच वाटेने आलो. घोटाळा होतो तो व्यावसायिक कोणाला म्हणायचे, यावर. सातपूरच्या कारखान्यात पहिली पाळी संपवून, हाताला लागलेले ऑइल नीट धुण्याआधीच मैदान गाठणारा एखादा बचावपटू घ्या. ‘तो नोकरी करतो, म्हणजे हौशीच,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते सहन होत नाही. नियम नोकरीविषयी चकार शब्द काढत नाही. क्लबशी लेखी करार असेल आणि खेळण्यासाठी प्रत्यक्ष होणाऱ्या खर्चापेक्षा अधिक मोबदला मिळत असेल, तर खेळाडू व्यावसायिक. यातली एक जरी अट पुरी झाली नाही, तरी तो हौशी.

समजा, या बचावपटूचा पेट्रोल आणि बुटांचा महिन्याचा खर्च २,५०० रुपये आहे. क्लबने तेवढेच दिले, तर दरमहा व्हाउचरवर सही घेतली तरी तो हौशीच राहतो. लेखी करार करून ६,००० रुपये दिले, तर दिवसाचे आठ तास लेथ मशीनपुढे उभा राहणारा हाच मुलगा व्यावसायिक ठरतो. आणि हेच ६,००० रुपये कागदाविना पाकिटातून दिले, तर व्याख्येप्रमाणे तो हौशी असतो. या पाकिटाच्या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे, कारण दोन महिन्यांचे पैसे अडकले तर मुलाच्या हाती दाखवायला काही नसते आणि तो ऐन हंगामाच्या तोंडावर दुसरीकडे निघाला तर क्लबच्या हातीही काही नसते.

व्यावसायिक खेळाडूंनाच लागू होणाऱ्या बाकीच्या तरतुदी, म्हणजे करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा आणि अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी तीन वर्षांचा, बहुतेकांना ठाऊक असतात. ज्या स्पर्धांत फक्त हौशी खेळाडूच खेळतात, त्यांना ठरावीक कालावधीतच नोंदणी करण्याचे बंधन लागू नसते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

तीस दिवसांचा नियम मात्र हमखास चुकतो. व्यावसायिक म्हणून नोंदलेल्या खेळाडूला व्यावसायिक या नात्याने खेळलेल्या शेवटच्या सामन्यानंतर किमान ३० दिवस उलटल्याशिवाय पुन्हा हौशी म्हणून नोंदवता येत नाही. हे दिवस करार संपल्याच्या तारखेपासून मोजायचे नसतात, सामन्याच्या तारखेपासून मोजायचे असतात. म्हणून बाहेरच्या क्लबातून परतलेल्या मुलाचा अर्ज भरण्याआधी त्याच्याकडून शेवटच्या सामन्याची तारीख घ्यावी आणि ती त्या सामन्याच्या संघपत्रकाशी पडताळून पाहावी.