एंग्लंड की बुडापेस्ट? प्यादं दोन्हीत ई५ लाच फेकतात, पण औषध वेगवेगळं

बुद्धिबळात डी४ खेळणाऱ्याला (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी) ई५ वर प्यादं फुकट देणारी दोन गॅम्बिट आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. एक एंग्लंड, म्हणजे पांढऱ्याने डी४ केलं की काळ्याचं लगेच पहिल्याच चालीला ई५. दुसरं बुडापेस्ट, म्हणजे डी४, घोडा एफ६, सी४ आणि मग ई५. दोन्हीकडे पांढरा ते प्यादं मारतो, दोन्हीकडे काळा ते परत मिळवायच्या मागे लागतो, दोन्हीत मात देणारा एकेक ट्रॅप, म्हणजे सापळा, आहे. म्हणून मग एंग्लंडवर जे चालतं तेच बुडापेस्टवर चालवायला जातात आणि मार खातात, किंवा उलटं, बुडापेस्टला जेवढा मान द्यायचा तेवढा एंग्लंडला देऊन बसतात आणि चांगला जिंकलेला डाव बरोबरीत आणतात.

फरक फक्त दोन चालींचा आहे, पण तोच सगळा खेळ आहे. बुडापेस्टमध्ये ई५ यायच्या आधी काळ्याचा घोडा बाहेर आलेला असतो आणि पांढऱ्याने सी४ केलेलं असतं. सी४ ही चांगलीच चाल आहे, पण त्याने मोहरं एकही बाहेर येत नाही आणि सी चं प्यादं पुढे गेलं की सी३ ला येऊन शह अडवायची सोय संपते, मग काळ्याचा उंट बी४ वर शह द्यायला आला की मधे घोडा नाहीतर उंट घालावाच लागतो. शिवाय ई५ मारल्यावर घोडा जी४ ला उडी मारतो आणि थेट त्या प्याद्यावर नजर ठेवतो, आता उंट सी५ ला आला तर एफ२ वर पण दाब. म्हणजे प्यादं दिलं तरी बदल्यात काहीतरी हातात आहे.

एंग्लंडमध्ये यातलं काहीच नाही. पांढऱ्याने काहीही कमकुवत केलेलं नाही, काळ्याचं एकही मोहरं बाहेर नाही, आणि प्यादं गेलंय. ते परत आणायला घोडा सी६ आणि मग वजीर ई७ करावं लागतं, आणि हा वजीर ई७ वर बसला की स्वतःच्याच एफ८ च्या उंटाची वाट अडते. आता ज्या ओपनिंगला तिसऱ्याच चालीला आपलाच उंट कोंडावा लागतो तिच्याबद्दल अजून काय बोलणार. इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा संगणक, पण तेच म्हणतं, एंग्लंडला पांढरा एक प्यादं आणि वर अजून काही एवढा पुढे, बुडापेस्टला पुढे असतो पण सहसा एका प्याद्याच्या आतच.

तरी एंग्लंड लोक का खेळतात? कारण एक ट्रॅप, आणि तो खरंच भारी आहे. डी४ ई५, प्यादं मारलं, घोडा सी६, घोडा एफ३, वजीर ई७. आता पांढऱ्याला वाटतं प्यादं राखू, म्हणून उंट एफ४. लगेच वजीर बी४ शह, आणि एका दमात तीन गोष्टींवर हल्ला, राजा, एफ४ चा उंट आणि बी२ चं प्यादं. उंट वाचवायला तो डी२ ला परत आणावा लागतो, वजीर बी२ खातो आणि आता कोपऱ्यातल्या हत्तीवर नजर. इथे हात आपोआप उंट सी३ कडे जातो, कारण हत्ती पण झाकला जातो आणि वजिरावर पण हल्ला होतो, एकदम मस्त दिसते ही चाल. आणि तिथेच डाव संपतो. काळा उंट बी४ ला आणतो, सी३ चा उंट राजासमोर पिन झाला, म्हणजे हलला तर राजाला शह, तो वाचवायला वजीर डी२, काळा उंट सी३ वर मारतो, आता वजिराने मारलं तर वजीर सी१ आणि मात. घोड्याने मारलं तर हत्ती जातो, शहासकट. दहा चालींच्या आत.

उपाय एकच चाल आहे, सहाव्या चालीला उंट सी३ नाही, घोडा सी३. घोडा बी१ वरून हलला की ए१ चा हत्ती डी१ च्या वजिराने राखला जातो, त्याची काळजी करायची गरजच नाही. काळा उंट बी४ करेल, पांढरा हत्ती बी१, वजीर ए३ ला पळतो, आणि मग घोडा डी५! आता बी४ च्या उंटावर पण दाब, सी७ ला शह देऊन हत्ती मारायची धमकी पण, आणि काळ्याची मोहरी अजून घरातच झोपलेली. बी२ चं प्यादं गेलं, ए२ चं पण जाईल कदाचित, जाऊ दे. इथून पांढरा हल्ल्यावर खेळतो.

पण मला विचाराल तर त्या भानगडीत पडायचंच कशाला, चौथ्या चालीला उंट एफ४ न करता सरळ घोडा सी३ करा. काळ्याने ई५ घेतलं, घेऊ दे, प्यादं परत गेलं एवढंच. पाचवी चाल घोडा डी५, वजिरावर हल्ला. काळा एफ३ वर घोडा मारतो शहासकट, ई चं प्यादं वजिरामुळे पिन आहे म्हणून जी च्या प्याद्याने घ्यायचं, आणि वजीर बहुतेकदा डी८ ला परत जातो. आता पट बघा. काळ्याचा एकमेव बाहेर आलेला घोडा मारामारीत गेला, वजीर जिथून निघाला तिथेच, म्हणजे काळ्याचं एक मोहरं बाहेर नाही, आणि पांढऱ्याचा घोडा डी५ वर मधोमध. तुमची प्यादी थोडी विस्कटलीत, पण वेळेचा हिशोब बघितला तर काळ्याने बऱ्याच चाली वाया घालवल्यात.

बुडापेस्टला मात्र असं चिरडता येत नाही, आणि हीच गोष्ट लोकांना पचत नाही. या ओपनिंगचा इतिहास पण वेगळा आहे. एंग्लंडचं नाव स्वीडनच्या फ्रिट्झ एंग्लंडवरून आलं, १९३२ मध्ये त्याने याच ओपनिंगची खास स्पर्धा भरवायला पैसे दिले होते, म्हणजे हौसेचा मामला. बुडापेस्ट १८९६ मध्ये त्याच शहरात आडलर आणि मारोत्सी या खेळाडूंच्या डावात दिसतं, पण नाव झालं १९१८ ला बर्लिनमध्ये. मिलान विदमारला रुबिनस्टाइनविरुद्ध काळी मोहरी होती, डी४ ला काय उत्तर द्यावं सुचेना, त्याने आबोनी नावाच्या हंगेरियन खेळाडूला विचारलं, आबोनीने हे दाखवलं आणि विदमारने त्या काळातल्या सगळ्यात भक्कम माणसाला २४ चालीत हरवलं, मग स्पर्धा पण जिंकला. अलीकडे मामेद्यारोव्हसारख्या ग्रँडमास्टरने पण ते खेळून बघितलंय, चौथ्या चालीला उंट एफ४ आला की थेट जी५ असली दांडगाई करून. एंग्लंडच्या वाट्याला असलं काही आलेलं नाही.

बुडापेस्टमधला ट्रॅप कीनिंगरच्या नावाने ओळखतात, १९२५ चा व्हिएन्नातला साधा गमतीचा डाव होता. काळ्याचा घोडा जी४ ला आला की पांढऱ्याचा उंट एफ४, मग घोडा सी६, घोडा एफ३, उंट बी४ शह, घोडा बी कडून डी२ ला, वजीर ई७. पांढरा म्हणतो हा उंट हाकलू, ए३. काळा उंट हलवतच नाही, जी४ चा घोडा ई५ वर मारतो. पांढऱ्याने खूश होऊन उंट मारला की घोडा डी३, मात. ई२ चं प्यादं घोड्याला मारू शकत नाही कारण मागे राजा आणि समोर ई७ वर वजीर, आणि राजाला पळायला जागा नाही कारण डी२ वर स्वतःचाच घोडा, डी१ वर स्वतःचाच वजीर. घोडे बदलून मग उंट मारला तरी तीच मात, दुसरा घोडा डी३ ला येतो. गंमत म्हणजे इथे पांढरा लोभामुळे मरतो आणि एंग्लंडमध्ये घाबरून हत्ती झाकायला गेल्यामुळे.

म्हणून इथला उपाय पण उलटा. ए३ ऐवजी सातव्या चालीला ई३ करा, एफ१ चा उंट डी३ वर नजर ठेवतो, मात गेली. काळा ई५ घेईल, घेऊ दे, घोडे बदला, उंट ई२, कॅसलिंग, आणि पुढे काळ्याला बी४ चा उंट बहुतेक डी२ च्या घोड्यावर द्यावा लागतो. तुमच्याकडे दोन उंट, थोडी जास्त जागा, बस. हा छोटा फायदा आहे, तासभर दळत बसायचं. ज्याला एवढा संयम नाही त्याने सहाव्या चालीला घोडा सी३ करून प्यादं राखावं, उंट सी३ वर मारेल आणि सी फाइलवर, म्हणजे सी च्या उभ्या रांगेत, तुमची एकामागे एक दुहेरी प्यादी होतील, ती आयुष्यभर सांभाळत बसायची. काहींना आवडतं, मला नाही.

प्यादं राखायच्या हट्टाने अजून एक जण मरतो, चौथ्या चालीला वजीर डी४ करणारा. एंग्लंडमध्ये काळ्याचा वजीर जसा लवकर बाहेर येऊन फसतो तसा इथे पांढऱ्याचा. काळा डी६, पांढरा तेही मारतो, घोडा सी६, वजीर डी१ ला परत, उंटाने डी६ घेतलं. आता पांढऱ्याने अगदी साधी घोडा एफ३ केली तर घोडा एफ२ वर पडतो, राजाने मारला की उंट जी३ शह आणि डी फाइलवरचा वजीर गेला.

एक व्यवहारातला फरक राहिला. एंग्लंड काळा कधीही खेळू शकतो, डी४ आलं की झालं. बुडापेस्टला पांढऱ्याची परवानगी लागते, त्याने दुसऱ्या चालीला सी४ च्या जागी घोडा एफ३ किंवा लंडनवाल्यांसारखं (लंडन ही पांढऱ्याची ओपनिंग) उंट एफ४ केलं की ई५ च्या घरावर आधीच दोन जणांचा ताबा असतो आणि तुमचं गॅम्बिट पाठ करून ठेवलेलं तसंच राहतं. लंडन खेळणारे सध्या इतके झालेत की बुडापेस्टवाल्याला दुसरी एक तयारी ठेवावीच लागते. बुलेटमध्ये, म्हणजे अगदी झटपट डावात, मजा म्हणून एंग्लंड टाका, काही बिघडत नाही, पण लांबच्या वेळेच्या डावात समोरच्याला घोडा सी३ माहीत असेल तर चौथ्या चालीपासूनच तुम्ही जीव वाचवायला खेळत असता. बुडापेस्टमध्ये समोरच्याला सगळं येत असलं तरी वाईटात वाईट म्हणजे थोडी कमी जागा आणि त्याचे दोन उंट, आणि पांढऱ्याने चौथ्या चालीला घोडा एफ३ केलं असेल तर उंट सी५, ए५ आणि मग हत्ती ए६ वरून एच६ ला नेऊन राजावर चालून जायचा बेत पण आहेच.