उशीर कुणाच्या वाट्याला?

सप्टेंबरचा पहिला आठवडा. पुण्यात घरून डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं काम, करणाऱ्या एखाद्या ताईंकडे चार कामं एकदम येऊन पडतात. दिवाळी अंकाच्या जाहिरातींची पानं: काम २ दिवसांचं, प्रेसला दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी हवीत. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल: काम ५ दिवसांचं, मुदत आठव्या दिवशी. अंकाचा कथाविभाग: ३ दिवस, मुदत नववी. आणि एक निमंत्रणपत्रिका: १ दिवस, मुदत दहावी. कामाची बेरीज ११ दिवस, शेवटची मुदत दहाव्या दिवसाची. क्रम कसाही लावा, कुणाला तरी उशीर होणारच.

तो कुणाला आणि किती व्हावा, हे मात्र ठरवता येतं. १९५०च्या दशकात कारखान्यातल्या यंत्रांसाठी या प्रश्नाचं गणित मांडलं गेलं: यंत्र एक, कामं अनेक, आधी कुठलं घ्यायचं? घरून एकट्याने काम करणारा माणूस हे त्या गणितातलं ‘एक यंत्र’च आहे.

१९५५ मध्ये जेम्स जॅक्सन यांनी पहिला नियम दिला: ज्याची मुदत आधी, ते काम आधी. आपण ताळ्यावर असतो तेव्हा असंच वागतो. पण जॅक्सन यांनी ते सिद्ध केलं, आणि सिद्धता फार सुरेख आहे. लागोपाठची दोन कामं घ्या, ज्यात उशिराच्या मुदतीचं काम आधी ठेवलंय. त्यांची अदलाबदल करा. दोन्ही मिळून संपायची वेळ तीच राहते, पण आता शेवटी येणाऱ्या कामाची मुदत पुढची असते, म्हणून सर्वांत मोठा उशीर वाढू शकत नाही. अशा अदलाबदली करत गेलं की आपोआप मुदतीचा क्रम लागतो. ताईंच्या यादीत जाहिराती दुसऱ्या दिवशी संपतात, अहवाल सातव्या, कथा दहाव्या, पत्रिका अकराव्या. दोन गिऱ्हाइकांना एकेक दिवस उशीर. सर्वांत मोठा उशीर याहून कमी करणं शक्य नाही.

दुसरा नियम वेन स्मिथ यांचा, १९५६चा: छोटं काम आधी. पत्रिका, जाहिराती, कथा, अहवाल असा क्रम लावला तर काम हातात पडायला गिऱ्हाइकाला सरासरी सव्वापाच दिवस लागतात; जॅक्सन यांच्या क्रमाने साडेसात. ‘ताई, झालं का?’ असे फोन कमी होतात. पण जाहिराती एक दिवस चुकतात आणि प्रेसवाला खवळतो. याच नियमाचं दुसरं रूप पैशाचं आहे. बिल काम दिल्यावरच मिळत असेल, तर ‘मोठं बिल आधी’ हा हिशेब फसवा असतो. बिलाला दिवसांनी भागायचं आणि ज्याचा भागाकार मोठा ते आधी घ्यायचं. ५ दिवसांत १०,००० देणाऱ्या अहवालापेक्षा एका दिवसात ३,००० देणारी पत्रिका वरचढ ठरते.

मला यातला सर्वांत उपयोगी वाटतो तो तिसरा, १९६८ साली जे. मायकेल मूर यांनी मांडलेला. इथे मोजायचं ते किती गिऱ्हाइकं दुखावली जातात एवढंच. कामं मुदतीच्या क्रमाने एकेक मांडत जायची; एखादं मुदत ओलांडतंय असं दिसलं, की आतापर्यंतच्या यादीतलं सर्वांत लांबलचक काम उचलून शेवटी टाकायचं. जाहिराती बसतात, अहवाल बसतो, कथा एका दिवसाने हुकते. मग सर्वांत मोठं काम, म्हणजे अहवाल, बाहेर. आता जाहिराती दुसऱ्या दिवशी, कथा पाचव्या, पत्रिका सहाव्या, सगळं वेळेत. अहवाल अकराव्या दिवशी, ३ दिवस उशिरा. दोघांऐवजी एकच जण नाराज, आणि तो कोण हे पहिल्याच दिवशी कळलेलं. आज फोन करून मुदत वाढवून मागता येते, किंवा अर्धी पानं ओळखीतल्या दुसऱ्या डीटीपीवाल्याला देता येतात. सातव्या दिवशी केलेल्या फोनला पतसंस्थेचे सचिव काय म्हणतील ते सांगायला नको. अर्थात वार्षिक सभेची तारीखच ठरलेली असेल तर अहवाल हलणार नाही. तेव्हा त्याला हात न लावता उरलेल्यांतून निवडायचं.

कुठल्याच नियमात न बसणारा एक प्रकार आपण सर्रास करतो: सकाळी याचं थोडं, दुपारी त्याचं थोडं. पाच-पाच दिवसांची दोन कामं अशी आलटूनपालटून केली, तर पहिलंसुद्धा दहाव्या दिवशीच हातावेगळं होतं. एकापाठोपाठ केली असती तर पाचव्या दिवशी एक गिऱ्हाईक मोकळं झालं असतं, आणि दुसऱ्याचं काहीच बिघडलं नसतं.

हे सगळं गणित ‘काम ५ दिवसांचं’ या आकड्यावर उभं आहे, आणि तिथेच खरी गोम आहे. कामाला लागणारा वेळ कमी धरायचा, या माणसाच्या खोडीवर डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये बोट ठेवलं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. वाईटातला वाईट अंदाजही तोकडा पडला, कारण अंदाज बांधताना आपण समोरच्या कामाकडे बघतो, मागच्या कामांकडे नाही. उपाय जुन्या डायरीत असतो. मागच्या अहवालांना ठरवल्याच्या दीडपट वेळ लागला असेल, तर या वेळी वेगळं काय घडणार आहे? ‘थोडेसेच बदल आहेत’ म्हणत आलेलं तिसरं प्रूफ त्या दीडपटीत आधीच मोजलेलं असतं. गणपतीतले पाहुणेही.

आणि मुळात किती कामं घ्यायची? रांगांच्या गणिताचं उत्तर जरा घाबरवणारं आहे. कामं केव्हाही येतात आणि कमीजास्त वेळ घेतात, अशा सर्वांत साध्या नमुन्यात, तुमचा ८० टक्के वेळ भरलेला असेल तर नव्या कामाला सरासरी ४ कामांइतका वेळ थांबावं लागतं. ९० टक्के भरलेला असेल तर ९, ९५ टक्क्यांना १९. म्हणजे ८० वरून ९० वर जाताना कमाई जेमतेम आठव्या हिश्शाने वाढते आणि रांग दुपटीहून लांब होते.

संगणकवाल्यांनी हे मनावर घेतलंय. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीत २०१४ पासून मुदतीनुसार कामं चालवण्याची सोय आहे, जॅक्सन यांच्याच तत्त्वावर. क्षमतेपेक्षा जास्त बोजा पडला की हा क्रम कोसळतो, एकामागून एक सगळीच कामं चुकू लागतात. म्हणून नवं काम घेण्यापूर्वी लिनक्स बेरीज करतं, आणि ती साधारण ९५ टक्क्यांच्या वर जात असेल तर काम सरळ नाकारतं. ताईंना ९५ परवडणारे नाहीत. त्यांची कामं प्रोसेसरसारखी आखीव नसतात, मधेच कुणीतरी फॉन्ट बदलून मागतं. आठवड्यातला एक दिवस रिकामा ठेवायला हवा, आणि त्याचे पैसे उरलेल्या पाच दिवसांच्या दरात धरायला हवेत.