चिंतेला वेळ नेमून द्या

पूर्व परीक्षेचा पेपर बरा गेला, पण कटऑफ किती लागेल ते कळत नाही. मुलाखत झाली, 'कळवतो' म्हणाले, त्यानंतर मेल नाही. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आलाय आणि घरमालक पुढचं काही बोलायला तयार नाही. मुंबईतल्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींच्या डोक्यात रात्री बारा वाजता जे घोळत असतं, त्यातल्या बहुतेक गोष्टींचा निकाल अजून लागायचा असतो. आणि शरीराला सगळ्यात जास्त ताण देते ती नेमकी हीच अवस्था.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसायचे आणि प्रत्येकाखाली साप आहे की नाही ते आधी ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका, चांगला दुखेल असा. कुठल्या दगडाखाली साप सापडण्याची शक्यता किती, हे खेळ चालू असताना बदलत राहायचं. डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात आणि त्वचेवर घाम किती येतो, यावरून ताण मोजला. झटका बसणार हे जवळपास नक्की असताना ताण कमी होता. शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सगळ्यात जास्त होता. आणखी एक गोष्ट दिसली, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही: ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर नेमका वरखाली होत होता, त्यांचे अंदाजही जास्त बरोबर येत होते.

म्हणजे निकालाची वाट पाहताना जीव वरखाली होणं हा मनाचा कमकुवतपणा नाही. परिस्थिती कळत नसली की माहिती शोधत राहणं हे मेंदूचं कामच आहे. म्हणूनच घरातली मोठी माणसं 'विचार करू नकोस, अभ्यासाला बस' म्हणतात त्याचा उपयोग होत नाही. मुद्दाम दाबलेला विचार उलट जास्त वेळा वर येतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्येच दाखवलं. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं.

शरीरात काय होतं ते थोडक्यात. धोक्याची जाणीव झाली की मेंदूतला अमिग्डाला हा भाग इशारा देतो. काही सेकंदांत अॅड्रिनलिन सुटतं, पाठोपाठ काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढू लागतं; ही दोन्ही ताणाची संप्रेरकं. छाती धडधडते, मान आणि जबडा आवळला जातो, पचनाचं काम मागे पडतं. म्हणूनच चिंतेचा रुग्ण पहिल्यांदा फॅमिली डॉक्टरकडे येतो तो बहुतेक वेळा अॅसिडिटी, मानदुखी नाहीतर 'झोप लागत नाही' ही तक्रार घेऊन. कॉर्टिसॉल रात्री बाराच्या सुमारास तळाला असायला हवं आणि सकाळी उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर. अंथरुणात पडून कटऑफचा हिशोब मांडला, तर शरीर विश्रांतीच्या वेळी कामाला लागतं.

मग चिंता सुटत का नाही? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले थॉमस बोर्कोव्हेक यांनी हयातभर या प्रश्नावर काम केलं. चिंता ही मुख्यतः शब्दांत चालते, 'असं झालं तर? आणि तसं झालं तर?' अशी साखळी. ती तयारी केल्यासारखी वाटते. भीती वाटलेली गोष्ट घडली नाही की सुटल्यासारखं वाटतं आणि त्याचं श्रेय नकळत चिंतेला मिळतं. त्याच विद्यापीठातल्या २०२० च्या एका अभ्यासात चिंताविकार असलेल्या २९ जणांनी दहा दिवस आपल्या चिंता लिहून ठेवल्या आणि पुढे महिनाभर त्या पडताळून पाहिल्या. साधारण ९१ टक्के चिंता खऱ्या ठरल्याच नाहीत.

हा आकडा जपून वापरायला हवा. नमुना लहान आहे आणि ती माणसं विकाराने त्रस्त होती. स्पर्धा परीक्षेत जागा कमी आणि अर्ज प्रचंड, तिथे 'नाव यादीत येणार नाही' ही भीती बहुतेकांच्या बाबतीत खरी ठरते, आणि ते मुलांपासून लपवू नये. खोटी ठरते ती पुढची साखळी: नाव आलं नाही म्हणजे घरी तोंड दाखवता येणार नाही, म्हणजे लग्न होणार नाही, म्हणजे सगळं संपलं. पहिल्या कडीसाठी योजना लागते. पुढच्या कड्यांसाठी खालची पद्धत.

बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेला उपाय वाटतो त्यापेक्षा साधा आहे: चिंता थांबवायची नाही, तिला वेळ आणि जागा नेमून द्यायची. रोज अर्धा तास, वेळ तीच, जागा तीच. झोपण्याच्या किमान दोन तास आधी हे आटोपलेलं असावं. अकराला झोपणाऱ्याला संध्याकाळी सात ते साडेसात बरं. जागा अंथरुणाची नसावी आणि रोजच्या अभ्यासाचीही नसावी. मुंबईच्या एका खोलीत पाच माणसं असताना स्वतंत्र कोपरा मिळत नाही, त्यामुळे इमारतीची गच्ची, सोसायटीतला बाक, अभ्यासिकेबाहेरचा कट्टा किंवा उतरतो त्या स्टेशनचा फलाटाच्या टोकाचा बाक चालेल. लोकलचा डबा चालणार नाही. चौथ्या सीटवर टेकून लिहिता येत नाही आणि गाडीची वेळ रोज सरकते.

साहित्य म्हणजे वही आणि पेन. मोबाइल नको, कारण लिहायला उघडला की हात दुसरीकडेच जातो. दिवसभरात चिंता डोकावली की एका चिठ्ठीवर दोन शब्द टिपायचे, 'कटऑफ', 'डिपॉझिट', आणि मनाशी म्हणायचं, 'सातला बघू'. मग हातातल्या कामाकडे परत. सातला बसलं की चिठ्ठ्या एकेक करून घ्यायच्या आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा: येत्या आठवड्यात मी यात काही करू शकते का?

उत्तर 'हो' असेल तर सगळ्यात लहान पाऊल वार-वेळेसकट लिहा. 'घराचं बघायला हवं' हे पाऊल नाही. 'डिपॉझिटला ७५ हजार लागतील, हातात ४० आहेत. रविवारी सकाळी मामाला फोन, बुधवारी ऑफिसात अॅडव्हान्सबद्दल विचारणं' हे पाऊल आहे. उत्तर 'नाही' असेल, तर त्या गोष्टीचा निकाल कधी कळणार त्याचा अंदाज लिहा आणि पान उलटा. धोका खरोखर मोठा असेल, तर त्याच्यासाठी एक पूर्ण पान द्या: यंदा नाही झालं तर आणखी किती प्रयत्न, कोणत्या महिन्यानंतर नोकरी शोधायची, घरचे पैसे किती महिने पुरतील. हे पान एकदाच नीट लिहिलं की रोज रात्री नव्याने मांडावं लागत नाही. साडेसातला गजर झाला की वही बंद करून उठायचं आणि लगेच काहीतरी अंगमेहनतीचं करायचं, निदान भाजी आणायला जायचं.

यात फसतं कुठे? सुरुवातीला सातला बसल्यावर काही आठवतच नाही आणि माणूस म्हणतो, उपयोग नाही. खरं तर चिंता पुढे ढकलता येते हेच त्यातून दिसतं. दहा मिनिटं बसून उठावं. काही जण 'सातला बघू' म्हणतात, पण सातला बसत नाहीत. मग दोन-तीन दिवसांत मेंदू त्या वायद्यावर विश्वास ठेवणं सोडतो आणि चिंता पुन्हा मध्यरात्री हजर होते. काहींचा अर्धा तास दीड तासावर जातो. आणि बरेच जण आठवड्यात सोडून देतात. किमान दोन आठवडे सलग केल्याशिवाय निकाल ठरवू नये.

झोपायच्या वेळेसाठी याचीच एक छोटी आवृत्ती आहे. मायकेल स्कलिन यांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात निम्म्यांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि त्यांच्यात यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर.

अंथरुणाबद्दलचा नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये दिला, तो अजून टिकून आहे: अंथरूण फक्त झोपेसाठी. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठायचं, मंद प्रकाशात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. घड्याळ बघायचं नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग हाच सोफा, टेबल आणि जेवायची जागा असतो, तिथे हे कसं जमायचं? चाळीतली गादी गुंडाळून ठेवायची जुनी सवय इथे खरी उपयोगी आहे. दिवसा गादी गुंडाळलेली, अभ्यास चटईवर किंवा पाटावर, अंथरूण घालायचं ते झोप आल्यावर. पलंगच असेल तर अभ्यासाच्या वेळी उशी-पांघरूण उचलून ठेवावं आणि डोकं करतो त्याच्या उलट बाजूला बसावं. उठायची वेळ रविवारीही तीच ठेवावी, फार तर तासाभराचा फरक.

चहाचंही पाहायला हवं. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने झोप तासाभराहून जास्त कमी केली. कटिंगमध्ये कॅफीन एवढं नसतं, पण रात्रीच्या अभ्यासाला चार कटिंग आणि वर एक एनर्जी ड्रिंक झालं की बेरीज वाढते. अडीचशे मिलीच्या कॅनमध्ये साधारण ७५ मिलिग्रॅम असतं. अकराला झोपायचं तर शेवटचा चहा चार-पाचच्या आत.

आता मित्रमैत्रिणी. ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा, म्हणजे तीन लाखांहून जास्त माणसांचा एकत्रित आढावा घेतला. घट्ट नातेसंबंध असलेल्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता जवळपास ५० टक्क्यांनी जास्त होती. पण एक मित्र विरारला, दुसरा डोंबिवलीला, तिसरी पनवेलला. भेट होत नाही आणि रात्रीच्या फोनवर दोघं मिळून तीच चिंता उगाळत बसतात. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलांमध्ये हे तपासलं. एकच अडचण पुन्हा पुन्हा चघळणाऱ्या मैत्रिणी एकमेकींच्या जास्त जवळ होत्या, पण उदासी आणि चिंताही त्यांच्यात जास्त होती.

म्हणून बोलावं जरूर, फक्त त्याला शेवट असावा. अडचण एकदा पूर्ण सांगून झाली की ऐकणाऱ्याने विचारावं, 'मग आता पहिलं काय करशील?', आणि नंतर विषय बदलावा. त्याहून चांगलं म्हणजे हातापायांना काम असेल अशी भेट: रविवारी शिवाजी पार्कवर क्रिकेट, ढोल-ताशा पथकाचा सराव, मंडळाची सजावट, पावसाळ्यात एखादा ट्रेक. खांद्याला खांदा लावून काम करताना अवघड गोष्टी जास्त सहज बोलल्या जातात. उमेदवारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला मात्र म्यूट करा. तिथे रोज नवा अंदाजे कटऑफ फिरतो आणि प्रत्येक अंदाज मेंदूला पुन्हा त्या निम्म्या-निम्म्या शक्यतेवर आणून ठेवतो. आयोगाचं संकेतस्थळ दिवसातून एकदा पाहिलं की पुरे. आईवडिलांनीही 'काही कळलं का गं?' हा प्रश्न आठवड्यातला एक वार ठरवून तेव्हाच विचारावा.

एवढं करूनही भागत नाही अशी वेळ ओळखता यायला हवी. दोन आठवडे जवळपास रोज उदास वाटणं, अभ्यास किंवा काम ठप्प होणं, जेवण-आंघोळ टळणं, वारंवार अचानक धडधड होऊन आता मरतो असं वाटणं, यासाठी डॉक्टर गाठावा. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर आधी हृदयाची तपासणी. पॅनिकचा झटका हे निदान त्यानंतर. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यावं, कारण यांच्या बिघाडाने थकवा येतो, धडधडही होऊ शकते. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन रुग्णालय, तिन्हीकडे मनोविकार विभाग आहे. तिथे दिलेली माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे. डॉक्टरांनी नैराश्य-चिंतेवरची रोजची गोळी दिली तर तिचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते. तेवढ्यावरून मनानेच बंद करू नये. मित्राने दिलेली अल्प्राझोलमची, म्हणजे चिंता तात्पुरती शमवणाऱ्या गोळ्यांची, पट्टी मात्र घेऊ नका. काही आठवड्यांत तिची सवय लागते, एकदम सोडली तर फिट येऊ शकते, आणि दारूबरोबर ती श्वास मंदावते. पहिल्या भेटीला जाताना आधीच्या तपासण्यांचे कागद, चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि मागच्या दोन आठवड्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहून न्या. ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ कमी असतो आणि निम्मा इतिहास या कागदांवरूनच कळतो.