स्टीम रॅलीतलं जुन्या ट्रॅक्टरांचं प्रदर्शन

इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात खेड्यापाड्यातल्या मोठमोठ्या कुरणांवर वाफेच्या इंजिनांचे मेळावे भरतात, त्यांना स्टीम रॅली म्हणतात. तिथे हौशी मालक आपले जुने ट्रॅक्टर रांगेत लावतात, रिंगणात फिरवतात आणि जमलं तर खरोखर नांगराला जुंपून दाखवतात, त्या प्रथेची ही नोंद.

सुरुवात १९५० सालची. ॲपलफर्ड गावच्या आर्थर नॅपर या शेतकऱ्याने बिअरच्या पिंपाच्या पैजेवर मित्राशी ट्रॅक्शन इंजिनांची, म्हणजे स्वतःच्या चाकांवर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांची, शर्यत लावली आणि त्याचं 'ओल्ड टायमर' जिंकलं. त्या काळात ही इंजिनं भंगारात चालली होती, या शर्यतीने लोकांचं लक्ष गेलं आणि मेळावे भरायला लागले. ट्रॅक्टर नंतर आले, म्हणजे ते स्वतः जुने झाल्यावर. ज्यांनी वाफेच्या इंजिनाला शेतातून बाहेर काढलं तेच आता त्याच्या शेजारी उभे असतात. सगळ्यात गाजलेला मेळावा डॉर्सेटचा, १९६९ ला सुरू झाला, पुढे टॅरंट हिंटन गावच्या शेकडो एकरांवर भरायचा, शेवटचा २०२३ ला झाला. बेडफर्डशायरमधला ओल्ड वॉर्डनचा मेळावा बिगल्सवेड गावाजवळ भरतो, आणि याच बिगल्सवेडच्या डॅन अल्बोनने १९०२ च्या सुमारास तीन चाकांचा आयव्हेल ट्रॅक्टर केला होता, त्यामुळे तिथे ट्रॅक्टर बघण्यात वेगळीच मजा आहे.

रांगेत सगळ्यात जास्त दिसतो तो राखाडी फर्ग्युसन टीई-२०. १९४६ ते १९५६ मध्ये कॉव्हेंट्रीत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर बनले, आणि हॅरी फर्ग्युसनचं हायड्रोलिकवर चालणारं तीन पॉइंटचं लिंकेज, ज्याला आजही आपल्याकडचे ट्रॅक्टरवाले नांगर-रोटाव्हेटर जोडतात, ते यानेच घरोघरी पोचवलं. त्याच्या शेजारी फोर्डसन. त्याचा रंग १९३७ ला निळ्याचा नारिंगी झाला आणि युद्ध लागल्यावर हिरवा, विमानातून उठून दिसू नये म्हणून असं सांगतात, त्यामुळे १९३९ च्या गाडीला नेमका कुठला रंग द्यायचा यावर मालक लोक तासन्‌तास वाद घालतात. त्या काळचे बरेच ट्रॅक्टर पेट्रोलवर चालू करायचे आणि इंजिन तापलं की रॉकेलच्या जातीच्या स्वस्त इंधनावर टाकायचे, तो वास रांगेत शिरल्याबरोबर नाकात बसतो.

खरी गर्दी होते ती फील्ड मार्शल नावाचा ट्रॅक्टर चालू करताना. एकच सिलिंडर, सहा लिटरचा, टू-स्ट्रोक डिझेल. सोरा लावलेल्या कागदाची गुंडाळी पेटवून, नुसती धुमसती ठेवून सिलिंडरच्या हेडमध्ये फिरवून बसवतात. डिकॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारं, छोटं चाक फ्लायव्हीलच्या खाचेत टेकवायचं आणि हॅन्डल मारायचं, काही फेऱ्या झाल्या की ते चाक खाचेतून सुटतं, दाब बसतो आणि धाडकन पहिला ठोका पडतो. हॅन्डल मारायचं नसेल तर काडतूस भरून त्यावर हातोडी हाणायची. चालू झाल्यावर अख्खी गाडी जागच्या जागी डुलते, पोरं कानावर हात ठेवून हसत असतात.

भाग घ्यायचा तर काही महिने आधी फॉर्म भरायचा, विमा दाखवायचा. मग बहुतेक जण शुक्रवारी ट्रेलरवर ट्रॅक्टर लादून, मागे कॅरॅव्हॅन घेऊन येतात. गाडीपुढे पाटी असते, साल, हॉर्सपॉवर, कुठल्या शेतावर होती वगैरे. रिंगणात फेरी मारताना निवेदक हेच माईकवर सांगतो. पलीकडे इंजिनाला पट्ट्याने जोडलेलं मळणी यंत्र चालतं, धुळीने सगळे पांढरे होतात.

चकचकीत रंग दिलेल्या गाड्यांना बक्षिसं मिळतात ते ठीकच, पण आमच्या मते मूळ रंग उडालेली, मडगार्ड चेपलेली, तरी पहिल्या हॅन्डलला चालू होणारी गाडी जास्त मोलाची, कारण तिच्यावर काम केल्याच्या खुणा शाबूत असतात आणि एकदा घासून काढल्या की त्या परत येत नाहीत.

महाराष्ट्राशी धागा आहे तो इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या बी-२७५ ट्रॅक्टरचा. इंग्लंडमध्येच बनलेलं हे लाल मॉडेल तिथल्या रांगांत हमखास असतं. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढून तेच मॉडेल मुंबईत कांदिवलीला बनवायला घेतलं, आणि आपल्याकडे कित्येक वस्त्यांवर आलेला पहिला ट्रॅक्टर हाच होता.